दारातून कोणी येईपर्यंत

बाबा, आज रविवार आहे आणि सकाळपासून मी तुमच्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मग कोणावर चिडू? घरात आम्ही नवरा-बायको दोघंच, आणि त्यांतले एक बोलत नाहीत. बाहेर साकोलीचा हायवे वाहतो आहे, दार सताड उघडं आहे, चटई अंथरलेली आहे, आणि दारातून धुळीशिवाय कोणी आत आलेलं नाही. हे सगळं तुमच्या त्या नियमामुळे. स्वतः सुखानं निघून गेले आणि नियम माझ्या गळ्यात बांधून गेले.

चिखल्याच्या खाणीवरचं आपलं क्वार्टर मला अजून दिसतं. आई गेल्यावर त्यात तुम्ही आणि मी. आठवडाभर जमिनीखाली राबलेली बाकीची माणसं रविवारी उशिरापर्यंत लोळत असायची, आणि तुम्ही मात्र दिवस उगवायच्या आत मोरीवर बसून नखांतला मँगनीजचा काळा घासत असायचे. तो कधीच पुरता गेला नाही. मग पांढरा शर्ट, चटई, उघडं दार, आणि वाट पाहणं. कॉलनीत ख्रिस्ती घरं मोजून दोन-तीन. त्यांतलं कोणी ड्युटीवर, कोणी गावाला गेलेलं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, तेही बस मिळाली तर. पण बाहेरचं एक तरी माणूस उंबरठा ओलांडून आल्याशिवाय तुम्ही प्रार्थनेची सभा सुरू करायचे नाहीत. घरचं माणूस तुमच्या हिशेबात धरायचं नाही, घरचे काय, जेवायलाही सोबत बसतातच. एकट्यानं मागायचं ते मनात. सभेत एकानं मोठ्यानं मागायचं आणि दुसऱ्यानं आमेन म्हणायचं. तोवर पोटात अन्न नाही.

माझ्या पोटात कावळे ओरडत असायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाबा, करा न सुरू. देव काय आपल्यासाठी थांबून राहिला?" तुम्ही मारलं नाही, आवाजही चढवला नाही, पण असं पाहिलं की मी चटईच्या कडेला सरकले. "देव थांबूनच राहिला वं माय," तुम्ही म्हणालात. "त्याले का घाई हाय? मानसाले मानसाची वाट पाहा लागते. दार लावून घेतलेली प्रार्थना कोनाच्या कामाची?" त्या दिवशी दुपारपर्यंत कोणी आलं नाही. तुम्ही चटई गुंडाळली, मला भात वाढला आणि स्वतः पाणी पिऊन पडून राहिलात. मला तुमचा इतका राग आला होता! आणि तुमच्याकडे पाहून रडूही येत होतं.

मग माझं लग्न झालं. चिखल्याहून मँगनीज वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरशी, आपल्याच ख्रिस्ती विश्वासातल्या. मी साकोलीला आले आणि तुम्ही एकटे राहिलात. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास पाळकसाहेबही बदलून तिकडे गेले, आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. लोक म्हणाले, जिल्हा तुटला, पाळकही तुटले. तुम्ही हसून म्हणालात, "जिल्हा तुटला तं तुटला. देवाले कुठं तहसीलात जा लागते?" तुम्ही हसलात म्हणून मी निर्धास्त झाले. काय वेडी पोरगी!

एका रविवारी न सांगता मी तुमसरला बस बदलून चिखल्याला आले. दारातच थांबले. चटईवर तुम्ही हात जोडून प्रार्थना करत होता, आणि समोर शेजारचे काका, तुमच्याच शिफ्टचे, ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो, ते इस्त्रीचा शर्ट घालून डोळे मिटून बसले होते. बसले कसले, पेंगत होते. मध्येच दचकून ते "आमेन!" असं जोरात म्हणाले. तुमचं वाक्य अर्धंच झालं होतं. तुम्ही थांबलात, घसा खाकरलात आणि उरलेलं अर्धं पुरं केलंत. माझं हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. नंतर बाहेर काकांना विचारलं, "काका, तुम्ही काहून?" ते म्हणाले, "अवं, तुया बापाच्या देवाचं मले काई समजत नाई. पन हा एकला दार उघडून बसला का मले जेवन गोड लागत नाई. येतो, आमेन मनतो, जातो." तुमच्या मागोमाग काकाही गेले. तुमच्या मातीला उभे होते तेव्हा म्हणाले होते, आता रविवारी मी कुठं जाऊ?

बाबा, मी कुठं जाऊ? हे एका सकाळी दाढी करता करता खाली पडले. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुधारणा हळूहळू होईल, वाट पाहा. पाहते आहे. वर्षांमागून वर्षं गेली. मी घरीच बायकांचे ब्लाऊज शिवते, कारण यांना सोडून जाता येत नाही. दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. रस्त्यावर ओळखीच्या आवाजाचा हॉर्न वाजला की यांचे डोळे दाराकडे जातात. तेवढं एक जिवंत आहे.

सुरुवातीला इथल्या ख्रिस्ती मंडळीतले चार जण यायचे. केळी आणायचे, बिस्किटं आणायचे, डोळे पुसायचे. "धीर धरा ताई." धीर काय किराणा दुकानात किलोनं मिळतो? मग एक बाहेरचे प्रचारक आले. यांच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ ओरडले आणि घाम पुसत मला म्हणाले, "ताई, तुमचा विश्वास कमी पडून राहिला, नाहीतर हे कवाचेच उठून बसले असते." यांच्यासमोर! मी म्हटलं, "चहा प्या आणि निघा." तुमची पोरगी तोंडाची फटकळ, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांना राग आला. मंडळीतल्यांनाही आला असावा, कारण त्यानंतर येणं हळूहळू बंदच झालं. ब्लाऊजवाल्या बाया तेवढ्या येतात. "झाला का वं ब्लाऊज?" एवढंच. त्यांना बसा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी मी दर रविवारी दार उघडून बसते, तुमच्यासारखी. देव आहे, यावर माझा विश्वास गेलेला नाही. गेला असता तर सुटले असते. देव आहे आणि तो थांबून राहिला आहे, मीही थांबून राहिले आहे, आणि मधल्या जागेत कोणी येत नाही. हे फार जड आहे, बाबा.

मागच्या रविवारी मी तुमचा नियम मोडला. दार लावलं. यांच्या खाटेशी बसून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आधी नेहमीचं, भाकर दिल्याबद्दल आभार वगैरे. मग काय झालं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "प्रभू, यांना माझ्या आधी ने. मी आधी गेले तर यांना कुशीवर कोण वळवेल?" आणि मी जीभ चावली. हे जागे होते. माझ्याकडेच पाहत होते.

आमची एक पद्धत आहे. हो म्हणायचं असलं की हे डोळे मिटतात, नाही म्हणायचं असलं की तोंड भिंतीकडे फिरवतात. चहात साखर घालू का, पंखा लावू का, सगळं त्यावरच चालतं. मी विचारलं, "ऐकलं तुम्ही?" डोळे मिटले. तरी मी विचारलंच, "मग मी हेच मागू?"

बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, शांतपणे. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं. मग उठून चहा ठेवला, दुसरं काय करणार?

हे असं मागणं पाप आहे का, हे विचारायला माझ्याकडे पाळक नाही, काका नाहीत, तुम्ही नाही. तुमच्या पत्त्यावर डाक जात नाही, म्हणून हा कागद मशीनच्या ड्रॉवरमध्ये चिंध्यांखाली राहील. फक्त एक तुम्हाला सांगून ठेवते, यांना कधी सांगणार नाही. ते माझ्याकडे पाहत होते ना, तेवढा वेळ मी मनातल्या मनात दुसरीच प्रार्थना करत होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवावं, अशी.