तीन नंबर : आवाज नाही

३ मे १९९६
शिंदखेड्यातल्या व्यापाराचा नैतिक ऱ्हास पूर्ण झाला. गजराचं नवं घड्याळ वाजत नाही. दुसऱ्यांदा परत नेलं. दुकानदाराने ते माझ्याच कानाशी धरलं आणि हसला. ग्राहकाला हसणं! संस्कृतात याला शब्द आहे. उद्या आठवीन.

४ मे
आठवला नाही. असो. शाळेतलं संस्कृत बंद पडलं म्हणून टेकडीवरच्या पाच पवनचक्क्यांचा निरीक्षक झालो. गिअरबॉक्सचा आवाज ऐकायचा, हेडऑफिसला लिहायचा. उदात्त-अनुदात्त ओळखणाऱ्या कानाला अवघड काय? गुडघ्यांमुळे वर चढत नाही. खाली बुंध्याला कान लावतो. वर सुपडू फिटर जातो.
आज पाचही निःशब्द.

९ मे
सुपडू अगदी कानाशी येऊन म्हणतो, "गुरुजी, तीन नंबर कण्ही ऱ्हायनी." समजावलं, वेदनेला चेतना लागते, चक्कीला ती नसते. काहीतरी पुटपुटला. इकडे सगळेच पुटपुटतात. तोंड उघडून बोलतील तर शपथ.
रिपोर्ट : तीन नंबर, आवाज नाही.

१७ मे, दुपारी
हेडऑफिसचं पत्र. आमची टेकडी सर्वांत शांत! म्हणून इंजिनिअरची तपासणी दिवाळीनंतर. संकल्प : रोज पहाटे प्राणायाम. कान तरतरीत राहतात.

२१ मे
प्राणायाम उद्यापासून. सुपडू चारचौघांत ओरडला, "बठ्ठा गावले आयकू येस, तुम्हले नही? पहिले कान दाखाडी या!" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे कान उत्तम. उद्धटपणाबद्दल मेमो दिला. दोन ओळी, त्यात एक बहुव्रीही. त्याला कुठला कळायला!

२४ मे, सकाळी
सुपडू पुन्हा ओरडून म्हणतो, तीन नंबर बंद करा, मग चढतो. वारा असा सुटलेला आणि बंद? सांगितलं, चढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. चढला. त्याची बायको तानुबाई डबा घेऊन आली होती. वर बोट दाखवून मला सारखे हातवारे करत होती. मीही हात हलवला. बरं वागावं माणसांशी.

२४ मे, संध्याकाळी
गिअरबॉक्स फुटला. सुपडूचा उजवा हात कोपरापासून गेला. डोक्यालाही मार. बेशुद्ध. धुळ्याला हलवला. रिपोर्ट लिहून टाकला : पूर्वसूचना काहीही नव्हती.

२६ मे, धुळे
डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मी मान डोलावत होतो. शेवटी त्यांनी कागद ओढून लिहिलं, 'वाचला. उद्यापर्यंत बोलू लागेल.' तानुबाई त्यांच्या पाया पडली.

मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. सुपडूला ते ठाऊक आहे. तो उद्या बोलेल, याची मला भीती वाटते.