एकवीस इंची मॉनिटर आणि मावशीचं गॅरेज

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ६.४०. गॅरेजमध्ये स्क्रू आकारानुसार लावत होतो.

मर्लमावशी दारातूनच म्हणाली, "रविवारी माझी कॅरॅव्हॅन येतेय, ते चाकांवरचं घर इथेच उभं राहणार. तोवर या डब्यांपैकी एकावर तरी चित्र दाखव, नाहीतर सगळे बाहेर गवतावर." या आठवड्यात कौन्सिल मोठा कचरा उचलणार आहे, रस्ताभर लोकांनी घरासमोरच्या गवतावर सोफे मांडलेत. आणि म्हणे डबे! १९९२चं कॉम्प्युटर वर्कस्टेशन आहे ते. एके काळी त्यावर पूल आखले जायचे. रविवारी चित्र दिसेल. विषय संपला.

मंगळवार. नवा चपटा मॉनिटर आणला. तीन आठवडे तुलना करून निवडला होता. पडद्यावर 'सिग्नल नाही'. वर्कस्टेशन ठणठणीत आहे. त्याला त्याच्याच वयाचा, जाड काचेचा मॉनिटर लागतो. हे मला आधीपासून माहीत होतं. खात्री करून घेतली, एवढंच.

गुरुवार, संध्याकाळ. कोलॅक गावातल्या एका निवृत्त सर्व्हेयरकडे एकवीस इंची मिळाला. शेजारच्या ट्रेव्हने गाडीतून आणून दिला. बदल्यात नेहमीप्रमाणे बिअरचा खोका. "गड्या, यात टीव्ही आहे की गाय?" उतरवताना त्याची कंबर धरली. म्हणून मॉनिटर गवतावर ठेवून चहाला आत गेलो. बाहेर येतो तर मॉनिटर जागेवर, केबल मुळापासून कापलेली. तांबेवाले, तांब्यासाठी तारा कापून विकणारे! कचऱ्याच्या आठवड्यात गवतावरच्या वस्तूला मालक नसतो, हे ट्रेव्हने मला सांगायची गरज नव्हती. त्याने तीनदा सांगितलं. मग दोघांनी तो ढकलत आत नेला.

केबल तशीही जुनीच होती.

शनिवार. नवी केबल स्वतः जोडली, रंगाला रंग जुळवून. एक तार उरली. महत्त्वाची नसावी.

रविवार. दुपारी ४. मावशी चहाचा कप घेऊन उभी, ट्रेव्ह दारात. बटण दाबलं. चित्र आलं! स्वच्छ, स्थिर, अक्षरं सुबक. चार सेकंद. मग फट्ट, आणि जळका वास.

"झालं का सुरू?" मावशीने विचारलं. ती कपात पडलेलं बिस्किट चमच्याने काढत होती. ट्रेव्ह बाहेर, आत येणाऱ्या कॅरॅव्हॅनला हाताने वाट दाखवत होता.

मी सांगितलं, चित्र आलं होतं.

"असेल रे राजा. उचल आता."

आलं होतं.

खर्च: नवा मॉनिटर १८९ डॉलर, जुना ६०, केबल २२.
देणं: ट्रेव्हला बिअरचा एक खोका, मॉनिटर आणल्याबद्दल. आणखी एक, बाहेर नेल्याबद्दल.