सासूबाईंच्या डोळ्यावर काढलेली रजा

१२ जानेवारी, रविवार. सकाळी सव्वासात.
निर्णय झाला. यंदा कादंबरी. कथाबिथा खूप झाल्या (तीन. पैकी एक छापून आली). चारशे पानं, सातपुड्याचा पट, तीन पिढ्या.
चहा घेताना सुलक्षणाला सांगितलं. ती म्हणाली, आधी आईच्या डोळ्याचं बघा.
भावी चरित्रकारांच्या सोयीसाठी: सुलक्षणा ही पत्नी, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. आई म्हणजे माझ्या सासूबाई, भिकुबाई. शिंदखेड्याकडच्या खेड्यातून महिन्यापूर्वी आमच्याकडे अमळनेरला आल्या, त्या मोतीबिंदूसाठीच. उजवा डोळा गेल्यात जमा, डावा त्याच वाटेवर. मुलगा नाही, त्यामुळे जावई सोबत असल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा त्यांचा हट्ट. जावयाचा मान तो हाच. मान मला आवडतो. फक्त तो जळगावच्या एसटीत उभ्यानं घ्यावा लागतो.

२० जानेवारी, सोमवार.
रजेचा अर्ज दिला. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक आहे (तात्पुरता. एकोणीस वर्षं झाली). हेडमास्तर प्रेमराज सरांना आधी तोंडी विचारलं, साहित्यनिर्मितीसाठी वीस दिवस मिळतील का. सर हसले. प्रॅक्टिकलच्या तोंडावर? म्हणाले, तुमच्या साहित्यापेक्षा प्रयोगशाळेचं साहित्य पुसून ठेवा.
मग अर्जात कारण लिहिलं, 'सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन'. सरांनी वाचलं आणि तिथल्या तिथे सही केली. म्हणाले, म्हातारीची काळजी घ्या, असे जावई राहिले कुठे आता.
हे खोटं नाही. ऑपरेशन होणारच आहे. रोज पंचवीस पानं धरली तर चारशे पानं सोळा दिवसांत हातावेगळी. उरलेले चार दिवस डोळ्याला. चार दिवस म्हणजे डोळ्याला पुष्कळ झाले.

२७ जानेवारी, सोमवार. रजेचा दिवस पहिला.
पाच वाजता उठायचं ठरलं होतं. आठला उठलो. मन ताजं असणं महत्त्वाचं.
चारशे पानी रजिस्टर आणलं. पेनं सात. टेबल पूर्वेला तोंड करून हवं, असं कुठंतरी वाचलं होतं. खोलीत ते बसेना, म्हणून घरातल्या बोळात मांडलं. दुपार त्यातच गेली. पण बैठक पक्की झाली.
सासूबाईंनी विचारलं, कव्हय जानं शे जळगावले? मी समजावलं, लेखनाची लय मोडली की मोडली. त्या लगेच म्हणाल्या, "मन्हा डोयास्नं काय, आज नही ते सकाय. पहिले तुमनं पुस्तक व्हवू द्या." शिकल्यासवरल्या माणसांना नसते एवढी समज! सुलक्षणानं भांडी जरा जोरात लावली.

३० जानेवारी, गुरुवार.
पहिलं वाक्य आलं! शेजारीण मंदाबाईंची पिठाची गिरणी चालू असतानाही आलं. केवढी एकाग्रता.
आजची पानं: एक (वरचा भाग). बाकी उद्या.

३१ जानेवारी.
वाक्यात एक शब्द बदलला.

१ फेब्रुवारी.
शब्द परत पूर्वीचा केला. घाई करणारे लेखक वेगळे. मागची थकबाकी धरून आता रोज चाळीस पानं पडतात. अशक्य नाही.

२ फेब्रुवारी, रविवार.
यावल रस्त्यावरच्या मळ्यात कुंदनचं 'लेखन शिबिर'. कुंदन हा आमच्या साहित्यिक व्हॉट्सॲप ग्रुपचा अॅडमिन. स्वतःची सहा पुस्तकं त्यानं स्वतःच काढली आणि बहुधा स्वतःच वाचली. विषय: 'लेखनातील शिस्त'. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत कुटली, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. नंतर शिस्तीवर बोलायला कुंदन उभा राहिला, तेव्हा मंडळी लिंबाखाली आडवी झाली होती. मीही डोळे मिटून ऐकत होतो. उठलो तेव्हा ऊन कललं होतं आणि कुंदन शेजारीच घोरत होता.
सुलक्षणानं विचारलं, आईला घेऊन जळगावची एसटी पकडायला वेळ नाही, आणि यावलला जायला आहे? फरक समजावून सांगितला. भरीत हा माझ्या कादंबरीच्या मातीचा भाग आहे. समजला नाही तिला.

६ फेब्रुवारी, गुरुवार.
सकाळी सासूबाई बोळात माझ्या टेबलावर आदळल्या. गुडघा सुजला. मी म्हटलं, टेबल तर दहा दिवस तिथंच आहे. त्या म्हणाल्या, "हा बाप्पा, मन्हंच चुकनं."
सुलक्षणानं आईच्या गुडघ्याला लेप लावला आणि भांडी पुन्हा जोरात लावली. दिवसभर. वातावरण लेखनाला पोषक नव्हतं. लिहिलं नाही.
अंधारात चाचपडणारी म्हातारी: पात्र म्हणून घ्यावी का? विचार करणे.

९ फेब्रुवारी, रविवार.
प्रेमराज सरांचा फोन. ऑपरेशन कसं झालं? तोंडातून निघून गेलं, उत्तम. म्हणाले, मंगळवारी भेटायला येतो.
घात झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी तीन.
सर येऊन गेले. केळी घेऊन. जळगाव जिल्ह्यात एकमेकांच्या घरी केळीच नेतात.
सकाळी सुलक्षणा शाळेत गेल्यावर सासूबाईंना माझा काळा गॉगल लावून दिला आणि म्हटलं, सरांसमोर जास्त बोलू नका. का, ते त्यांनी विचारलं नाही. सरांनी हात जोडून तब्येत विचारली, तेव्हा त्या पदर सावरून म्हणाल्या, "जवाईनी बठ्ठं करं. मन्हाकरताच ते घरमा बठेल शेतस." सगळं जावयानंच केलं म्हणे! जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून ही बाई ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलंच नाही त्याचं कौतुक करत बसली. सर जाताना माझी पाठ थोपटून गेले.
मला लाज वाटली. खरंच वाटली. जवळजवळ अर्धा तास. मग लक्षात आलं की हा अनुभव फार मोलाचा आहे. रजिस्टर उघडलं. लाजेवर काही सुचलं नाही. केळी चांगली होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
दोष माझा नाही, हे आज कळलं. सातपुडा न बघता सातपुडा लिहायला बसलोय. उद्या पहाटे चोपड्याच्या पुढे, पायथ्याच्या गावी. कुंदनच्या ओळखीचे कुवरसिंगभाऊ आहेत तिथे. दोन दिवस. सुलक्षणा म्हणाली, रजेचे तीनच दिवस राहिलेत. मी म्हटलं, म्हणूनच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. कुवरसिंगभाऊंच्या अंगणात.
त्यांना विचारलं, जंगलाचं मौन तुम्हाला कसं जाणवतं? ते कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. म्हणाले, मौन नाही साहेब, रेंज नाही. फोन करायचा तर त्या टेकाडावर जा.
टेकाडावर गेलो नाही. चढ होता.
हिवाळ्यात तिघे लेखक येऊन गेले म्हणे. तिघांनी मौनाचंच विचारलं. मनात स्पर्धेची भावना नाही, पण तिघांची नावं लिहून घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.
घरी आलो. चोपड्यात रेंज आली तशी मोबाइलवर अकरा मिस्ड कॉल.
मी गेलो त्या सकाळी सासूबाई स्वतःसाठी पाणी तापवायला गेल्या आणि हात गॅसवर ठेवला. भाजला. काल सुलक्षणानं शाळेतून रजा टाकली, मंदाबाईंनी गिरणी बंद ठेवली, आणि दोघींनी त्यांना जळगावला नेलं. सासूबाई नको म्हणत होत्या, जवाई येवू दे म्हणत होत्या. सुलक्षणानं ऐकलं नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर सही मंदाबाईंची. नातं: शेजारीण.
डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार पिकला होता, इतके दिवस काय करत होतात. आज सकाळी पट्टी निघाली. दिसतंय म्हणे.
जावयाला न विचारता एवढा निर्णय! पण तो मुद्दा उद्यावर टाकला. भाजलेला हात दिसत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी दहा.
उद्यापासून शाळा.
सासूबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मला बघून हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही बारीक हुई गयात लिखी लिखी." मग म्हणाल्या, आते दिखस माले, द्या बरं तुमनं पुस्तक. त्या चौथी शिकलेल्या आहेत. लग्नाला बावीस वर्षं झाली, मला आज कळलं. मी म्हटलं, डोळ्याला ताण नको, डॉक्टर रागावतील. त्या म्हणाल्या, एकच पान. सुलक्षणानं आतून रजिस्टर आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.
अक्षरांखाली बोट धरून, मोठ्यानं, एकेक शब्द सोडवत त्यांनी वाचलं: "सातपुड्याच्या पायथ्याशी त्या दिवशीही नेहमीप्रमाणे सकाळ झाली." चांगलं शे, म्हणाल्या. मान डोलावली. पान उलटलं. वही डोळ्यांजवळ नेली. लांब धरली. बोटाला थुंकी लावून आणखी एक पान उलटलं, मग आणखी तीन-चार. उन्हाकडे तोंड करून बसून बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. भाजलेल्या हातानं त्यांनी उजवा डोळा हळूच चाचपला आणि घाबऱ्या आवाजात लेकीला हाक मारली.
"सुलक्षणा, मन्हा डोया बरा नही व्हयना वं. पुढलं माले काहीच दिखत नही."
सुलक्षणानं रजिस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांचा नंबर लावायला घेतला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग मलाच सांगावं लागलं, की डोळा चांगला झालाय, पुढची पानं कोरी आहेत.