कळपाची हाक

मने,

तुझ्यासंगं अरुणाचलच्या जंगलात बेडकं हुडकणारी राजेश्वरी काल निरवांगीला आली होती. पुरात तू गेलीस, पण आवाज टिपायचं तुझं यंत्र तंबूतच राहिलं होतं. ते तिनं माझ्या हातात ठेवलं.

आज मेंढरांपाशी बसून लावलं. आधी नुसता पाऊस, मग बेडकं, मग कसलं कसलं किडं. तुझी आई म्हणाली, "बंद करा. पोरीचा आवाज न्हायच ह्यात."

तेवढ्यात तू हाक दिलीस, "हुर्र्र... यं, यं!" आपल्याच कळपाची. दाट झाडीत माणूस दिसत न्हाय, म्हणून संगतीच्यांना तू तसंच गोळा करायचीस म्हणं. मला हसूच आलं बघ.

पण बसलेली मेंढरं उठली गं. माझ्याभोवती जमली, माझं हात हुंगलं, आन् मग रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. सुट्टीला आलीस की एसटीतनं उतरल्या उतरल्या तू तिथनंच हाक द्यायचीस ना.

हाकललं तरी एक हलंना. मग यंत्र बंद केलं, आन् मीबी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो.

तुझा,
आप्पा