मुंगीच्या वहीतल्या खुणा

मंगळवार, ९ तारीख
थेरपी केंद्राचा व्हरांडा, सकाळी साडेदहा

ती. वन्सं,

नमस्कार. ‘इकडे सगळं ठीक’ असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. किती ठीक ते पुढे कळेलच. तुम्ही माझे फोन घेत नाही, ते एका परीने बरंच झालं. फोनवर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता.

मुंगी आत आहे. पाऊण तास माझ्या हातात आहे आणि पाय काही एका जागी ठरत नाहीत. बाकावर शेजारी ते बसचालक बसलेत, जुळ्यांचे वडील. दोन्ही मुलं स्वमग्न, पण मुलगा झोक्यावर बसला की शांत होतो आणि मुलीला त्याच झोक्यावर ओकारी येते. तीन केंद्रं बदलली त्यांनी. मला विचारलं, “तुमच्या मुलीला काय मानवतं?” मी म्हटलं, बघतोय अजून. खोटं बोलले. तिला काय मानवतं ते मला माहीत आहे.

घरची बातमी द्यायची तर, तुमच्या शिलाईच्या खोलीत तुमच्या भावाने सायकल आणून ठेवली आहे. रिळांची रांग लावते म्हणून तुम्ही तिला मुंगी म्हणायला लागलात. आता रिळं नाहीत, तर बाईसाहेब बूट रांगेत लावतात. सात वर्षांची झाली मागच्या आठवड्यात. संध्याकाळी त्या खोलीत जाते, तुमचं कापायचं टेबल होतं तिथे पालथी पडते आणि सायकल अंगावर पाडून घेते. परवा गुडघा फुटला. तुम्ही तिच्यावर सोफ्याच्या गाद्या रचायचात, वरून दाबायचात, आणि खालून ती “अजून” म्हणायची. तो शब्द आता ती म्हणत नाही. अकरा शब्द होते तिच्याकडे, तीन उरलेत. मनगट चावून चावून काळंनिळं केलंय.

कारखान्यात नवीन पर्यवेक्षक आलाय. त्याला औषधाच्या बाटलीतला कण दिसत नाही, पण आम्ही दोन मिनिटं पाठ टेकली की लगेच दिसतं. असो. नमनाला घडाभर तेल झालं.

आत मिक्सर सुरू झाला. मुंगीचा आवाज येतोय. जरा थांबते.

इथल्या मॅडमनी घरी करायला दिलेला व्यायाम तुम्हाला आठवत असेल. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, कानावरचे निळे हेडफोन काढून तिला चालू मिक्सरसमोर बसवायचं, आणि दर आठवड्याला थोडं जवळ सरकवायचं. रडली तरी उठू द्यायचं नाही. झालं की वहीत बरोबरची खूण. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, “अगं, दुखतंय तिला. हट्ट नव्हे तो.” मी म्हटलं, वन्सं, शिकलेल्या माणसांना जास्त कळतं.

चार दिवस केला मी तो व्यायाम. पाचव्या दिवशी ती रडलीच नाही. तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या कानावर ठेवला. मी मिक्सरची वायर काढली. आम्ही दोघी कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या पांघरुणांत तोंड खुपसून बसलो. वीस मिनिटांनी उठून मी वहीत खूण केली. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही त्या वेळी शिवलेली कव्हरं पोचवायला बाहेर असायचात, तुमचा भाऊ उशिरा येतो, पाहणारं कुणी नव्हतं. खरं सांगू, ती वीस मिनिटं दिवसातली सगळ्यात चांगली जायची. चौदा वर्षं मी दिव्यासमोर औषधाच्या बाटल्या धरून तपासते. न पाहता एका पेटीवर सही केलेली नाही. आणि घरी खोट्या खुणा केल्या, त्याही वेगवेगळ्या पेनांनी, खऱ्या वाटाव्यात म्हणून. तुम्ही गेल्यावरही करत राहिले.

मॅडम वही पाहून खूश. घरी मिक्सरजवळ शांत बसते म्हटल्यावर त्यांनी इथली पायरी वाढवली आणि हेडफोन काढून घेतले. मुंगी इथे कोलमडली. तेव्हा त्या म्हणाल्या, घरात कुठेतरी पाणी मुरतंय, दिवसभर तिच्याजवळ कोण असतं? मी म्हटलं, “नणंद असतात. जरा लाड करतात.” एवढंच बोलले. बाकीचं तुमच्या भावाने केलं. “स्वतःचं मूल नाही म्हणून माझ्या मुलीवर प्रयोग करतेस” हे त्याने तुम्हाला सुनावलं, तेव्हा मी दाराशी मूग गिळून उभी होते. तुम्ही मशीन टेम्पोत चढवलंत तेव्हा मी वायर गुंडाळून हातात दिली, जणू केवढी मदत.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. चोराने दोरही वळून दिला, असं मात्र मी कुठे ऐकलं नव्हतं.

आज निघायच्या आत मॅडमना एक फॉर्म द्यायचा आहे. त्या म्हणतात, “नणंद जाऊन दोन महिने झाले तरी फरक नाही, म्हणजे तुमच्या घरी हे होणार नाही.” एक तारखेपासून मुंगीला नऊ ते पाच इथे ठेवायचं, हेडफोनशिवाय. तुमच्या भावाची सही झाली आहे. माझ्या सहीची जागा रिकामी आहे.

दार उघडलं. जाते.

कारखाना, दुपारी दीड

सांगितलं, वन्सं. मुंगीच्या पायात बूट घालता घालता सांगितलं, मॅडमच्या तोंडाकडे बघून जमलं नसतं. वही पुढे केली आणि म्हटलं, पहिल्या चार खुणा खऱ्या, बाकीच्या सगळ्या माझ्या.

त्यांनी एकेक पान उलटलं. मग म्हणाल्या, “या खुणांच्या भरवशावर मी तिचे हेडफोन काढले हो.” मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार, आणि निघायलाच हवी होती. पण त्या म्हणाल्या, “पोर समोर रडत होती तरी मी वही बघत बसले.” हेडफोन त्यांनी स्वतः मुंगीच्या कानावर चढवले. फॉर्म फाडला. मग पेन काढून विचारलं, “नणंदबाई नक्की काय करायच्या? वजन किती, वेळ किती, थांबायच्या कधी?”

मला सांगता येईना. दोन वर्षं तुम्ही माझ्या घरात, माझ्या मुलीला सावरत होतात, आणि मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. फार लाज वाटली. भोंगा झाला, उठते.

बुधवार, सकाळी

काल तुमच्या भावाला सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने सायकल उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली, वर येऊन हात धुतले आणि म्हणाला, “ताईला मी बोललो. पण तू ऐकत होतीस.” तो तुम्हाला स्वतः येऊन भेटणार आहे. कधी, ते विचारायची माझी टाप नाही.

आज उठल्या उठल्या मुंगीवर गाद्या रचून पाहिल्या. जास्त दाबलं की कमी, कोण जाणे, तिने मला ढकललं. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ढकललं. शेजारच्या काकूंकडे सोडताना माझ्याकडे पाहिलंही नाही. अर्थात तशी ती कधीच पाहत नाही, पण आज मला लागलं.

मॅडमनी तुम्हाला शुक्रवारी दहाला केंद्रावर बोलावलं आहे, गाद्या कशा रचायच्या ते त्यांना दाखवायला. निरोप त्यांचा, म्हणून पोचवते. येणं न येणं तुमच्याकडे.

मुंगी तुमची वाट बघते असं लिहिलं की तुम्ही हातातलं काम टाकून याल, हे मला माहीत आहे. पण ते मी लिहिणार नाही. एकदा मुंगीचं भलं पुढे करून तुम्हाला घराबाहेर काढलं; आता तिलाच पुढे करून परत बोलवायचं, इतकी मी निर्लज्ज नाही. मी चुकले. ते तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, दोन महिन्यांपूर्वी, दाराशी उभी होते तेव्हाच.

शुक्रवारी आलात तर मी तिथे नसेन, मुंगीला तिचे बाबा आणतील. मी समोर दिसले की तुम्ही “जाऊ दे गं” म्हणाल. तुमचा स्वभावच तसा. आणि मी लगेच हलकी होऊन घरी जाईन. तसं नको. तुम्हाला रागवायचं असेल तेवढे दिवस रागवा.

मला भावजय म्हणायचं की नुसती भावाची बायको, ते तुम्ही ठरवा. तोवर खाली नाव लिहीत नाही.