पायरी धुऊ नकोस

बेथनल ग्रीन, लंडन
३ मार्च १८७५

ती. डॉर्कसताईस केझायाचा नमस्कार. वि. वि.

लोणी पोचलं. निम्मा गोळा इनॉकनेच फस्त केला. नवऱ्याला लाडावून ठेवलंय म्हणून मलाच बोलशील, बोल.

टिलीचा ताप उतरत नाही गं. मागच्या खोलीच्या फरशीखालचं गटार फुटलंय, विटांतून काळं पाणी वर येतं, आणि पोरीचा बिछाना तिथेच. दुसरी खोली आणू कुठून? डॉक्टर म्हणाला, हे पाणी बंद झाल्याशिवाय ती उठायची नाही. घरमालक तर दाद देत नाही.

आता पुढच्या गुरुवारी सफाईचे इन्स्पेक्टर डनेजसाहेब आमची आळी तपासायला येणार आहेत. इनॉक म्हणतो, बरं झालं, ते मालकाकडून गटार दुरुस्त करून घेतील. शेजारची स्कॅग्जबाई म्हणते, कसलं काय, घाण दिसली की घराला टाळं ठोकतील आणि आपल्याला रस्त्यावर काढतील. कुणाचं खरं मानू? माझं डोकंच चालेनासं झालंय. उलट टपाली कळव.

लोभ आहेच; सध्या टिलीवर जरा जास्त ठेव.
तुझी केझाया

*

सफोक, ५ मार्च

चि. सौ. केझायास अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, घाबरतेस काय? साहेब असो की पाद्री, परका माणूस दारात आला की घर लख्ख हवं. आईने आपल्याला हेच शिकवलं ना? भिंतींना चुना काढ, ओल्या विटांवर मेणकापड अंथर, सोबत पाठवलेली लव्हेंडरच्या सुवासिक फुलांची जुडी खोलीत टांग. दारची पायरी तर अशी घास की साहेबाला बूट ठेवायची लाज वाटावी. टिलीला त्या दिवशी शेजारी झोपव, नाहीतर ताप बघून तिला इस्पितळात नेतील. घर नीट दिसलं की साहेब आपणहून तुझी बाजू घेईल. इथे पाद्रीबाई माझ्या पुडिंगला नावं ठेवते आणि दोनदा वाढून घेते, असो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डॉर्कस

*

बेथनल ग्रीन, १६ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तू सांगितलंस ते सगळं केलं. डनेजसाहेब आले, पायरी बघून टोपी काढली, आत येऊन खूश झाले. म्हणाले, गरिबीतही घर कसं ठेवावं ते आळीने तुमच्याकडून शिकावं. मला मेलीला आभाळ ठेंगणं झालं! आणि मग बाकी सगळ्या घरांची गटारं खणायचा हुकूम देऊन गेले. आमच्या घराला काही नको, असा शेरा मारला.

आता स्कॅग्जबाईकडे मजूर खणतायत आणि आमच्याकडे पाणी दुपटीने वर येतंय. मी साहेबांकडे धावत गेले, तर म्हणाले, बाई, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, शेजाऱ्यांचं बघून हाव धरू नका. इनॉक माझ्याशी बोलत नाही. टिली डोळे उघडत नाही. ताई, मी चांगलं केलं की वाईट केलं, तेच मला कळत नाही.

केझाया

*

सफोक, १८ मार्च

केझाया,

माझीच अक्कल शेण खायला गेली. आता ऐक. मेणकापड काढ, लव्हेंडर चुलीत घाल, टिलीला घरातच ठेव. मजुरांचं काम बघायला साहेब परत येतीलच. तोवर पायरी धुऊ नकोस. आईची शपथ आहे. हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही.

डॉर्कस

*

बेथनल ग्रीन, २४ मार्च

ती. ताईस नमस्कार.

शनिवारपासून पायरी धुतली नाही. येणारे-जाणारे बघत आणि नजर वळवत. मला दार उघडायची चोरी झाली. सोमवारी साहेब येणार म्हणून सकाळी दार उघडलं, तर पायरी पांढरीशुभ्र! आमच्या आळीत घरात कुणी वारल्याशिवाय बाई पायरी न धुता ठेवत नाही. स्कॅग्जबाईला वाटलं टिली गेली. बिचारीने माझ्यावरचा भार तेवढाच हलका करावा म्हणून, दुखरे गुडघे टेकून पायरी घासून ठेवली होती. आणि समोरून डनेजसाहेब पायरीकडे कौतुकाने बघत, टोपीला हात लावून पुढे निघालेले!

ताई, मला काय झालं कोण जाणे. आत गेले, विटांमधलं पाणी बादलीत भरलं आणि सगळ्या आळीदेखत त्या पायरीवर ओतलं. साहेबांच्या बुटांवरही गेलं. त्यांनी रागाने विचारलं, हे कुठल्या मोरीचं? मी म्हटलं, माझ्या लेकीच्या अंथरुणाखालचं. ते आत आले. टिलीकडे बघून विचारलं, हे त्या दिवशी कुठे होतं? मी सगळं सांगून टाकलं, तुझं लव्हेंडरसुद्धा. दुसऱ्याच दिवशी मजूर आले. गटार बदललं, फरशी कोरडी आहे.

स्कॅग्जबाई मात्र, तिने घासलेल्या पायरीवर मी घाण ओतली म्हणून, माझ्याशी बोलत नाही. तिला कसं समजावू? मला तरी कुठे समजलंय.

टिलीने आज दूधपाव खाल्ला. इनॉकने तिला उचलून दारापाशी नेलं, तर पायरीवरचा काळा डाग बघून कार्टी मलाच रागावली. म्हणते, आई, डॉर्कसमावशी बघेल तर काय म्हणेल?

मी एप्रनचं टोक डोळ्यांना लावून आत आले. पायरी अजून तशीच आहे.

तुझी माया अशीच राहो, सल्ले जरा जपून दे.
केझाया