डब्याच्या तळाची डीव्हीडी

पार्से, पेडणे
१८ नोव्हेंबर २०१२

प्रिय चंद्रा,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. कॉन्व्हेंटात सिस्टरनी पट्टी मारून वळवलेलं अक्षर आहे, साठीतही बदलत नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. निदान फाडून टाकण्याआधी हातात तरी धरावं लागतं.

इकडे सगळं बरं आहे. नारळ यंदा कमी. मांजरीला तीन पिल्लं झाली, एक अगदी आपल्या आईसारखं कपाळाला आठी घालून बघतं. खाणी बंद झाल्यापासून तुमच्या शिरगावातून ट्रक जात नाहीत म्हणे. तुझ्या तुळशीची पानं आता लाल धुळीवाचून हिरवी दिसत असतील. लोकांच्या पोटाचं काय, हा प्रश्न आहेच, पण तुळशीचं लग्न जवळ आलं म्हणून आठवण झाली. यंदाही चवथीला गणपतीवरची माटोळी बांधताना तुझ्या बाजूचा कोपरा मीच भरला. चार वर्षं झाली. कांगलांचे घोस अजून माझ्याकडून सरळ बांधले जात नाहीत.

पेडण्याचं दुकान मी बंद केलं. आता फोटो सगळ्यांच्या खिशात असतो, स्टुडिओत कोण येणार? पडदा आणि दिवे विकले. कृष्णनाथांचे निगेटिव्हचे डबे मात्र घरी आणले. तुला ठाऊक आहे ना तुझ्या भावोजींचा नियम? निगेटिव्ह फेकायचं नाही. काळं पडलेलं असो, हललेलं असो, गिऱ्हाईक नको म्हणालेलं असो, नाव-तारीख घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. मी चिडायचे, घरात पीठ ठेवायला डबा उरला नाही म्हणायचे. ते गेल्यावर मी दुकान चालवलं, तेव्हा तोच नियम माझ्याही हाताला लागला होता.

ते डबे घेऊन मागच्या महिन्यात पणजीला गेले. तिथल्या लॅबमध्ये अर्चना म्हणून एक बाई आहे, चाळिशीची, जुनी निगेटिव्हं कॉम्प्युटरवर उतरवून देते. एका डब्याच्या तळाशी डीव्हीडी निघाली. वर माझंच अक्षर: गौरवी, लग्न, डिसेंबर २००८, खराब.

चंद्रा, आता पत्र खाली ठेवू नकोस.

अर्चनानं ती सहज मशीनमध्ये घातली. मी म्हटलं, अगो, सोड, त्यात काही नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी चार रात्री घालवल्या होत्या. चित्राच्या जागी नुसते कोरे पांढरे कागद, तीनशे ऐंशी. उघडायला गेलं की प्रोग्राम म्हणे, ही फाईल ओळखता येत नाही. शेवटी मी फाईलींच्या नावांचा शेवट बदलून पाहिला, साध्या फोटोला असतो तसा लावला. सासरी नाव बदललं म्हणून माझा तरी स्वभाव कुठे बदलला होता, पण तेव्हा सुचलं ते केलं.

अर्चनानं फाईलींची नावं पूर्ववत केली आणि मला विचारलं, प्रोग्राम कधीचा होता? मी सांगितलं, कृष्णनाथांनी २००२ साली घेतलेला. ती हसली. म्हणाली, "मावशी, हे खराब नाहीत. कॅमेऱ्याची ही जात तुमच्या प्रोग्रामनंतर जन्माला आली, तो तिला कसा ओळखणार? ह्याला रॉ म्हणतात. निगेटिव्हच समजा. डेव्हलप करायचं राहिलंय."

निगेटिव्ह. तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले, निगेटिव्ह उन्हाकडे धरून बघू नका, ते वाचायला वेगळा डोळा लागतो. आणि माझ्यासमोर तीनशे ऐंशी आली तर मी त्यांच्यावर खराब लिहिलं.

तुझ्या लेकीचा, गौरवीचा फोन येतो मधूनमधून. तुला सांगू नको म्हणाली होती. तिच्या बाबांचा, मधुकररावांचा एक डोळा गेला आणि दुसऱ्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला आहे, हे तिच्याकडूनच कळलं. डॉक्टर काही खात्री देत नाहीत, हेही कळलं. म्हणून ही घाई. नाहीतर मी अजून वर्षभर धीर गोळा करत बसले असते.

लग्नाच्या आधी मधुकररावांनी मस्कतहून आणलेला तो कॅमेरा माझ्या हातात दिला, ते तुला आठवत असेल. तान्हं मूल द्यावं तसा दिला. म्हणाले, "ताय, जे सगळ्यांत चांगलं असेल त्याच्यावर ठेवा. आमच्या गौरवीचं लग्न आहे." मी पुस्तिका वाचली आणि सगळ्यांत चांगल्यावर ठेवला. तेच रॉ.

लग्नानंतर आठ दिवसांनी आई गेली. नवऱ्या मुलाकडच्यांच्या फोटोत ती कुठेच नव्हती. आईचं शेवटचं हसणं माझ्याकडे होतं आणि मला ते उघडता येत नव्हतं. मधुकरराव दुकानात आले, तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली. बाईमाणसाला काय जमणार, असं माझ्यामागे बोलणारीच ती. मला येत नाही हे शब्द तोंडातून निघेनात. मी म्हटलं, कॅमेराच बिघडलेला, मस्कतच्या बाजारातला माल, असा कसा घेतलात? सगळे हसले. मधुकररावांनी कॅमेरा उचलला, कापडानं पुसला. "माझीच चूक झाली म्हणायची," एवढंच म्हणाले. समोरचा चहा तसाच राहिला.

मग बाराव्याला तू म्हणालीस, "आई तुझ्या हातात होती आणि तू ती हरवलीस." मी पाठ फिरवून आत गेले. तुला वाटलं, मला राग आला.

राग नव्हता गे. मला माहीत होतं की कॅमेरा बिघडलेला नाही. लग्नाच्या संध्याकाळी त्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर मी सगळे फोटो पाहिले होते, एकेक स्वच्छ. मगच मी ते डीव्हीडीवर उतरवले आणि कार्ड पुसलं. म्हणजे मी चुकले नाही, मी खोटं बोलले. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अर्चनानं सगळे फोटो साध्या प्रकारात बदलून दिले. मी हट्टानं घरी येऊन तोच जुना कॉम्प्युटर लावला. आता उघडतात. सावकाश, वरून खाली, पट्टी पट्टीनं. आधी जनेल आलं, मग खिडकीचा पडदा, मग आईचा अंबाडा.

मोठा करून पाठवलाय तो फोटो बघ. आई जनेलाजवळ कदेलीवर पाठ टेकून बसलीय. तिला गोड बंद होतं, आणि मधुकरराव वाकून, माझ्याकडे पाठ करून, तिला दोदोलचा तुकडा भरवताहेत. दात नसलेल्या तोंडावर हात धरून ती हसतेय. तेव्हा ती काय म्हणाली ते मला आता आठवलं, "दी रे, तिका कळचें ना." कळायचं नाही ते तुला, आणि कडेला तूच आहेस, बघून न बघितल्यासारखं करणारी.

अर्चना म्हणाली, मागून जनेलाचा एवढा उजेड, साध्या फोटोत आजींचा चेहरा नुसता काळा आला असता. रॉ होतं म्हणून अंधारातून काढता आला. चंद्रा, हे त्यांना सांग. सगळ्यांत चांगल्यावर ठेवा असं ते म्हणाले, म्हणून आईला चेहरा आहे.

फोटो जनेलाकडे नेऊन त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर धर. आणि ही ओळ मोठ्यानं वाच: मधुकरराव, कॅमेरा चांगला होता. मी खोटं बोलले.

शनिवारी मी पहिल्या बसनं निघते. बाकीचे तीनशे एकोणऐंशी घेऊन येते. तो कॅमेरा ठेवला असेल तर बॅटरी चार्जला लाव. नसेल लावायची तर नको लावू, मी तरीही येईन. तुझ्या ओट्यावर बसेन आणि चहा मागेन. मधुकररावांनी तेव्हा दुकानात घेतला नव्हता, तो चहाही माझ्याकडून त्यांना करून द्यायचा राहिलाय.

त्यांचा तो भरलेला कप तेव्हा तसाच उचलून ठेवलेली,
तुझी ताय